धातू जातो कुठे?

1992च्या जानेवारीत इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, कार्नन नावाच्या लहानशा नदीचं पाणी नारिंगी झालं. तिच्या खोऱ्यातली व्हील जेन ही कथिलाची खाण आदल्या वर्षी बंद पडली होती. खाण चालू होती तोवर पंप लावून पाणी उपसलं जाई. पंप थांबले, पाणी चढत गेलं, जुन्या बोगद्यांतून साठत राहिलं आणि 13 जानेवारीला एका बोगद्याच्या तोंडाशी घातलेला बांध फुटला. सुमारे पाच कोटी लिटर आम्लपाणी नदीत उतरलं. त्यात लोखंड होतं, जस्त होतं, कॅडमियम आणि आर्सेनिकही होतं. विमानातून काढलेल्या त्या वेळच्या छायाचित्रांत हा नारिंगी पट्टा थेट खाडीपर्यंत पसरलेला दिसतो.

हे पाणी कुठल्या कारखान्याने सोडलेलं नव्हतं. ते खाणीच्या पोटातच तयार झालं होतं आणि ते तयार करण्यात मोठा हात होता जिवाणूंचा.

अशा खाणींतल्या खडकांत पायराइट नावाचं पिवळं, चकाकतं खनिज असतं. लोखंड आणि गंधक यांचं ते संयुग. जमिनीखाली हवा पोचत नाही तोवर ते लाखो वर्षं जसंच्या तसं राहतं. खाणकामात खडक फुटला, हवा आणि पाणी आत शिरलं की गंधकाचं सल्फ्युरिक आम्ल होऊ लागतं आणि लोखंड विरघळतं. एवढ्यावर ही गोष्ट फार पुढे गेली नसती, कारण पाणी जसजसं आम्ल होतं तसतशी विरघळलेल्या लोखंडाची पुढची रासायनिक क्रिया आपोआप रेंगाळते. नेमक्या त्या ठिकाणी जिवाणू काम हातात घेतात. विरघळलेल्या फेरस लोखंडाचं फेरिक लोखंड करायचं, त्यातून मिळणाऱ्या अगदी तुटपुंज्या ऊर्जेवर जगायचं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर बांधायचं, हा त्यांचा संसार. त्यांच्यामुळे ही क्रिया दहा लाख पटींपर्यंत वेगाने होते, असं मोजमाप 1970 साली प्रसिद्ध झालं. तयार झालेलं फेरिक लोखंड पुन्हा पायराइटवर तुटून पडतं, स्वतः फेरस होतं, जिवाणू त्याला परत फेरिक करतात आणि चक्र फिरत राहतं. शेजारच्या खनिजांतलं जस्त, कॅडमियम, तांबं त्या आम्लात उतरत जातं.

या जिवाणूची ओळख 1947 साली पटली. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींतून वाहणारं पाणी इतकं आम्ल का, याचा शोध आर्थर कोलमर आणि एम. ई. हिंकल घेत होते. त्यांना त्या पाण्यात लोखंडावर जगणारे जिवाणू सापडले. पुढे त्यांना थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स असं नाव मिळालं, आज ते ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स म्हणून ओळखले जातात. शोध लागला तो प्रदूषणाचा गुन्हेगार म्हणून. पण खाणवाल्यांना त्यात दुसरंच काही दिसलं. जो जीव खडकातलं तांबं फुकटात विरघळवतो, त्याला कामाला का लावू नये? 1958 साली केनेकॉट या अमेरिकी तांबे कंपनीच्या संशोधकांना या पद्धतीचं पेटंट मिळालं. हलक्या प्रतीच्या, टाकून दिलेल्या खनिजाच्या ढिगांवर आम्लपाणी शिंपडायचं, ढिगातल्या जिवाणूंना त्यांचं काम करू द्यायचं आणि खाली झिरपलेल्या पाण्यातून तांबं काढून घ्यायचं. 1986 साली दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत हेच तत्त्व सोन्यासाठी वापरात आलं. तिथल्या टाक्यांत जिवाणू सोन्याभोवतीचं गंधकयुक्त खनिज मोडतात आणि आत अडकलेलं सोनं मोकळं होतं.

म्हणजे ज्या जीवामुळे नदी मरते, त्याच जीवाच्या करामतीवर कारखाने चालतात. सूक्ष्मजीव आणि विषारी धातू या विषयात शिरणाऱ्याने ही गोष्ट आधी मनात पक्की करावी, कारण वर्तमानपत्रांतून हा विषय येतो तो ‘जिवाणू विष खाऊन टाकतात’ अशा थाटात. धातूच्या बाबतीत हे खरं नाही. तेल, कीटकनाशक, मैला हे सगळं कार्बनचं बांधकाम आहे. जिवाणू ते मोडतात आणि शेवटी पाणी, वायू असं काहीतरी निरुपद्रवी उरतं. शिसं, कॅडमियम, पारा ही मूलद्रव्यं. ती मोडत नाहीत, कुजत नाहीत, संपत नाहीत. जिवाणू फार तर त्यांचं रूप बदलतो: विरघळलेल्याचा साका करतो, साक्याचं पाणी करतो, पाण्यातून हवेत उडवतो किंवा आपल्या पेशीवर धरून ठेवतो. त्यामुळे या क्षेत्रातल्या प्रत्येक यशाला, प्रत्येक दाव्याला एकच प्रश्न विचारावा लागतो. धातू गेला कुठे?

अमेरिकेच्या साउथ डकोटा राज्यात होमस्टेक ही जुनी सोन्याची खाण होती. सोनं काढायला सायनाइड लागे आणि वापरलेलं सांडपाणी व्हाइटवुड नावाच्या ओढ्यात जाई. 1984 साली खाणीने जिवाणूंचा प्रकल्प उभारला. पाण्यात अर्धवट बुडालेल्या, सावकाश फिरणाऱ्या चकत्यांवर जिवाणूंचा बुळबुळीत थर वाढवला गेला. सायनाइड हे कार्बन आणि नायट्रोजनचं संयुग, ते जिवाणूंनी खरोखरच मोडलं. पाण्यातले धातू मात्र त्या थराला फक्त चिकटले आणि थर सुटला की गाळात गेले. ओढा सुधारला, त्यात मासे परतले. पण गाळाची व्यवस्था वेगळी करावी लागली. एकाच टाकीत दोन विषांची दोन नशिबं इतकी स्वच्छ दिसावीत, असं उदाहरण दुसरं नाही.

या प्रश्नाचं सर्वांत समाधानकारक उत्तर नेदरलँड्समधल्या एका गावाने दिलं आहे. बेल्जियमच्या हद्दीला लागून असलेलं बुडेल-डॉर्प्लाइन हे गावच मुळी जस्तासाठी वसलं. डॉर बंधूंनी 1892 साली तिथे जस्ताचा कारखाना काढला. दशकानुदशकं भट्ट्यांची राख आजूबाजूला साठली, त्या भागातल्या रस्त्यांवरही ती पसरली गेली आणि रेताड जमिनीतून जस्त, कॅडमियम, सल्फेट भूजलात उतरलं. ते पाणी पसरू नये म्हणून उपसून काढणं भाग होतं. उपसलेल्या पाण्याचं काय करायचं? नेहमीचा उपाय चुन्याचा. चुना घातला की धातूंचा साका बसतो, पण ढिगारे तयार होतात आणि ते पुरायला नवी जागा लागते. विष एका खड्ड्यातून दुसऱ्या खड्ड्यात जातं, इतकंच.

1992 साली तिथे वेगळा प्रयोग कामाला लागला. सल्फेटवर श्वास घेणारे जिवाणू 1895 सालीच मार्टिनस बायरिंक या शास्त्रज्ञाने डेल्फ्टमध्ये, म्हणजे त्याच देशात, शोधून काढले होते. चिखलात, हवा नसलेल्या जागी ते राहतात. आपण जिथे ऑक्सिजन वापरतो तिथे ते सल्फेट वापरतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा जो वास गटारातून येतो, तो याच वायूचा. या वायूची जस्ताशी, कॅडमियमशी, शिशाशी गाठ पडली की क्षणात सल्फाइडचा साका होतो आणि तो पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. बुडेलच्या बंद टाकीत हे जिवाणू वाढवले, त्यांना खाद्य म्हणून अल्कोहोल दिलं आणि खालून दूषित भूजल सोडलं. पाण्यातलं सल्फेट जिवाणूंच्या उपयोगी पडलं, तयार झालेल्या वायूने धातू खाली बसवले आणि उरलेल्या वायूचं दुसऱ्या टाकीत, थोडीच हवा देऊन, वेगळ्या जिवाणूंकरवी गंधक करून घेतलं. लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आसपास असलेलं जस्त बाहेर पडताना एक मिलिग्रॅमहूनही कमी राहिलं.

आता तळाशी बसलेला साका पाहू. ते जस्ताचं सल्फाइड. जस्ताचा कारखाना खाणीतून विकत घेतो तो कच्चा मालही प्रामुख्याने जस्ताचं सल्फाइडच. त्यामुळे हा गाळ पुरायची वेळ आली नाही. तो त्याच कारखान्याच्या भट्टीत परत गेला आणि त्याचं जस्त झालं. धातू गेला कुठे, याला इथे पत्ता आहे. शंभर वर्षांपूर्वी ज्या दारातून तो बाहेर पडला, त्याच दारातून तो आत आला.

बुडेलसारखी सोय सगळीकडे नसते. धातू उपसता येत नसेल तर त्याला जमिनीतच जखडून ठेवणं हा दुसरा मार्ग. अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, रायफल गावाजवळ, युरेनियमचं खनिज शुद्ध करणारी गिरणी होती. गिरणी गेली, तिचा कचराही उचलून नेला, तरी नदीकाठच्या भूजलात युरेनियम राहिलंच. 1987 साली डेरेक लव्हली या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांना पोटोमॅक नदीच्या गाळात जिओबॅक्टर नावाचा, गंजलेल्या लोखंडावर श्वास घेणारा जिवाणू मिळाला होता. असे जिवाणू विरघळलेल्या युरेनियमचंही न विरघळणारं रूप करू शकतात, हे 1991 साली सिद्ध झालं. मग 2002च्या उन्हाळ्यात रायफलला जमिनीत विहिरी पाडून त्यांतून ॲसिटेट सोडलं. ॲसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचा क्षार. बाहेरून एकही जिवाणू आणला नाही. मातीत होते त्यांनाच जेवण दिलं.

नऊच दिवसांत पाण्यातलं युरेनियम उतरायला लागलं. पन्नास दिवसांत काही विहिरींत ते ठरवून दिलेल्या मर्यादेखाली गेलं. त्या काळात त्या भूजलात जिओबॅक्टरचीच बहुसंख्या होती. मग चित्र पालटलं. जवळपासचं वापरण्याजोगं लोखंड संपत आलं, सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंनी जागा घेतली आणि युरेनियम पुन्हा वाढू लागलं. ज्यांनी हा प्रयोग केला त्यांनी हे अपयश न लपवता मांडलं, म्हणूनच तो महत्त्वाचा ठरला. जमिनीत जखडलेला धातू तिथेच असतो. ऑक्सिजन पोचला, खाद्य थांबलं, पाण्याची पातळी बदलली, तर तो सुटू शकतो. अशा उपायाला राखणदार लागतो आणि तो पुढची कित्येक वर्षं लागतो.

भारतात हा सगळा विषय ज्या धातूभोवती फिरतो तो क्रोमियम. देशातलं जवळजवळ सगळं क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, ओडिशाच्या सुकिंदा खोऱ्यातून निघतं. 2007 साली जगातल्या सर्वाधिक प्रदूषित दहा जागांची जी यादी ब्लॅकस्मिथ इन्स्टिट्यूट या प्रदूषणावर काम करणाऱ्या संस्थेने काढली, तिच्यात सुकिंदाचं नाव होतं आणि गुजरातमधल्या वापीचंही. तमिळनाडूत राणीपेटला क्रोमियमची रसायनं करणारा एक कारखाना 1990च्या दशकात बंद पडला. मागे राहिला तो दीड लाख टनांहून अधिक कचऱ्याचा डोंगर, पालार नदीच्या खोऱ्यात, उघड्यावर. पावसाळ्यात त्यातून पिवळं पाणी झिरपतं. कानपूरजवळच्या रनियातली कथा फार वेगळी नाही.

क्रोमियमची गंमत नव्हे, गोम अशी की तो दोन रूपांत भेटतो. सहा संयुजेचा क्रोमियम पाण्यात सहज विरघळतो, पिवळा असतो आणि कर्करोगकारक आहे. त्याची रचना सल्फेटसारखी असल्याने पेशी त्याला सल्फेट समजून आत घेते. तीन संयुजेचा क्रोमियम बराच कमी घातक, शिवाय आम्ल नसलेल्या पाण्यात त्याचा साका होतो. सहाचे तीन करणं, एवढाच उपचार. रासायनिक पद्धतीने तो होतोच, पण मातीतले कितीतरी जिवाणूही तो करतात आणि विशेष म्हणजे विषारी ढिगाच्या आसपासच्या मातीत ते आधीच तग धरून असतात. मद्रास आयआयटीच्या संशोधकांनी राणीपेटच्या दूषित मातीवर याच दिशेने काम केलं. तिथल्याच मातीतले जिवाणू वाढवून क्रोमियमचं रूप बदलणं आणि वाहत्या भूजलाच्या वाटेत जिवाणूंचा पडदा उभा करणं, असे प्रयोग त्यांनी केले. जिवाणूंना लागणारं खाद्य महाग असून चालत नाही. म्हणून जगभर अशा कामांत मळी वापरून पाहिली जाते आणि साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला मळी म्हणजे काय हे समजावून सांगायला नको.

इथेही तोच प्रश्न उभा राहतो. तीन संयुजेचा झालेला क्रोमियम मातीतच आहे. मातीत मँगनीजची ऑक्साइडं असतील तर त्यांच्या संगतीत तो पुन्हा सहाचा होऊ शकतो. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकानुसार एकूण क्रोमियम लिटरला 0.05 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ही मर्यादा एकदा गाठली म्हणून काम संपलं, असं मानणाऱ्या प्रकल्पावर विश्वास ठेवू नये.

पाऱ्याचा मामला आणखी नाजूक. काही जिवाणूंकडे पाऱ्यापासून वाचण्यासाठी जनुकांचा एक संच असतो. तो वापरून ते विरघळलेल्या पाऱ्याचा धातुरूप पारा करतात आणि तो वाफ होऊन उडून जातो. जिवाणू वाचतो, पारा शेजाऱ्याच्या हवेत जातो. जर्मन संशोधकांनी ही वाट बंद टाकीत अडवली. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांचं सांडपाणी जिवाणूंच्या टाकीतून नेलं आणि पारा वाफ होऊन निसटण्याआधी टाकीतच थेंबांच्या रूपात धरला. 2000च्या सुमारास हे काम प्रयोगशाळेबाहेर, कारखान्याच्या मापावर करून दाखवलं गेलं. गोव्यात दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत भारतीय किनाऱ्यावरच्या पारा सोसणाऱ्या सागरी जिवाणूंचा अभ्यास झाला आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत धातू विरघळवणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या सूक्ष्मजीवांवर दीर्घकाळ काम झालं. मराठी वाचकाच्या हाकेच्या अंतरावर हे ज्ञान आहे आणि त्याची वाच्यता फारच कमी झाली आहे.

पण पाऱ्याच्या बाबतीत उलटी बाजूही लक्षात ठेवावी लागते. हवा नसलेल्या गाळात काही जिवाणू पाऱ्याचा मिथिल पारा करतात. जपानमधल्या मिनामाताच्या उपसागरातल्या माशांमधून माणसांच्या मज्जासंस्थेत गेलेलं विष ते हेच. मिनामातात ते कारखान्याच्या नळातूनच आलं होतं, पण पाराग्रस्त तळ्यांत आणि खाड्यांत ते जिवाणूच तयार करतात. बुडेलमध्ये तारणारे सल्फेटवरचे जिवाणू आणि हे यांचं कूळ बरंचसं एकच. बंगालच्या खोऱ्यातही तेच दिसतं: गाळातल्या लोखंडाला चिकटून बसलेलं आर्सेनिक कूपनलिकांच्या पाण्यात उतरण्यामागे लोखंडावर श्वास घेणाऱ्या जिवाणूंचा हात आहे, हे 2004 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिलं. जिवाणू चांगला की वाईट, हा प्रश्नच फोल आहे. तो कुठे आहे, त्याला काय खायला मिळतं आणि त्याच्यापर्यंत हवा पोचते का, यावर सगळं ठरतं.

धातू काढून घेण्याच्या बाजूने सर्वांत उपयोगाचं काम कदाचित सांडपाण्याच्या गाळावर होईल. शहरांच्या मैलाशुद्धी केंद्रांतून निघणारा गाळ शेतीला उत्तम, पण त्यात जस्त, तांबं, कॅडमियम आलं तर तो जमिनीत टाकता येत नाही. या गाळात गंधकाची पूड मिसळायची आणि ॲसिडिथायोबॅसिलसच्या कुळातले, गंधकावर जगणारे जिवाणू वाढू द्यायचे. काही दिवसांत गाळाचा सामू दोनच्या आसपास येतो, धातू पाण्यात उतरतात आणि पाणी काढून घेतलं की उरलेल्या गाळाला चुना देऊन तो वापरता येतो. विकतच्या आम्लापेक्षा हे स्वस्त पडतं. शिसं मात्र दाद देत नाही, कारण त्याचं सल्फेट पाण्यात फारसं विरघळत नाही. कॅनडातल्या क्वेबेकमध्ये यावर बरंच काम झालं. जुन्या सर्किट बोर्डांतलं तांबं याच जिवाणूंकडून आणि सोनं क्रोमोबॅक्टेरियम नावाच्या, स्वतः सायनाइड बनवणाऱ्या जिवाणूकडून काढून घेण्याचे प्रयोगही होत आहेत. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये माणसं उघड्या हातांनी बोर्ड आम्लात बुडवतात, हे ज्याने पाहिलं किंवा वाचलं असेल त्याला या प्रयोगांची निकड वेगळी सांगावी लागणार नाही. वेग मात्र कमी आहे. आम्ल जे काही तासांत करतं, त्याला जिवाणू दिवस घेतात.

हा संथपणा आणि जागेची भूक यांमुळेच कितीतरी चांगल्या कल्पना मागे पडतात. व्हील जेनला अपघातानंतर बोरूची बेटं, हवाबंद कुंड, शेवाळ वाढवलेले दगडांचे थर अशी साखळी उभारून काही वर्षं चाचणी घेतली. जिवाणूंनी धातू उतरवलेही. पण खाणीतून येणाऱ्या पाण्याचा लोंढा एवढा होता, की शेवटी 2000 साली चुना वापरणारा कारखानाच बांधावा लागला. फिनलंडमध्ये टालव्हिवारा इथे जिवाणूंकरवी निकेल काढणारी प्रचंड खाण 2008 साली सुरू झाली. 2012च्या नोव्हेंबरमध्ये तिच्या जिप्समच्या तळ्याला गळती लागून धातू असलेलं पाणी आसपासच्या जलाशयांत गेलं आणि दोन वर्षांनी कंपनीचं दिवाळं निघालं. गळतीत जिवाणूंचा दोष नव्हता. तळ्याचा तळ धरला नाही.

या पुस्तकाची मांडणी म्हणूनच जिवाणूंच्या नावांनुसार केलेली नाही. वनस्पतींकडून धातू शोषून घेण्याची पद्धत स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे, ती इथे घेतलेली नाही. तेलगळतीही नाही. प्रत्येक प्रकरण एका जागेचं आहे: तिथली माती, तिथलं पाणी, धातूचं रूप, वापरलेला जीव, लागलेला खर्च आणि काम झाल्यावर धातूचा मुक्काम. पहिलं प्रकरण राणीपेटचं आहे. परदेशातली यशस्वी उदाहरणं आधी देण्याचा मोह आवरला, कारण राणीपेटचा ढीग अजून हललेला नसताना त्यावर काय करता येईल आणि काय येणार नाही हे ठरवण्याचं काम भारतीय अभियंत्यांनाच करायचं आहे.